दहा जणांचा एक क्रूस

कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराच्या किनाऱ्यावर, लाकडी धक्क्याशेजारच्या वाळूत, नोव्हेंबर २००३ मध्ये ३४० क्रूस उभे राहिले. इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांचे. कल्पना स्टीफन शेरिल या स्थानिक कार्यकर्त्याची. पुढं ‘व्हेटरन्स फॉर पीस’ या माजी सैनिकांच्या संघटनेनं ती उचलली आणि ‘आर्लिंग्टन वेस्ट’ नावाचं हे स्मारक दर रविवारी मांडलं जाऊ लागलं. सकाळी क्रूस रोवायचे, संध्याकाळी उपटून गाडीत भरायचे. वरवर पाहता हा निव्वळ खटाटोप. पण या स्मारकाचं बळ मला त्या खटाटोपातच दिसतं. दगडी स्मारक एकदा उभं राहिलं की येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर त्यावर ठरत नाही. इथं आकडा वाढला की रोवणाऱ्यांचं काम वाढे. ३४० ही संख्या वर्तमानपत्रात अर्ध्या ओळीत मावते; ३४० वेळा वाकल्यावर ती कंबरेला कळते.

हे मृतांचं राजकारण आहे, असा आक्षेप आला, आणि तो पोकळ नव्हता. ऑगस्ट २००५ मध्ये टेक्ससमधल्या क्रॉफर्डला, अध्यक्ष बुश यांच्या रँचजवळ असेच क्रूस लागले, तेव्हा काही आईवडिलांनी आपल्या मुलाचं नाव तिथून काढून घेतलं. तो हक्क त्यांचाच. पण अमेरिकेतल्या डोव्हर हवाईतळावर सैनिकांच्या ज्या शवपेट्या उतरत, त्यांची छायाचित्रं काढायला १९९१ पासून बंदी होती. ती २००९ मध्ये, तीही कुटुंबाच्या संमतीच्या अटीवर, उठली. न दाखवणं हेही राजकारणच, फक्त सरकारी. आणि वाळूत गुडघे टेकणाऱ्यांत युद्ध पाहिलेले लोक होते, त्यांना देशप्रेम शिकवायला कोण जाणार?

माझी कुरकुर वेगळीच आहे. आकडा हजारांत गेल्यावर सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावरच्या अशाच मांडणीत लाल क्रूस आले: एक लाल म्हणजे दहा जण. जागा आणि हात अपुरे पडले, हे कारण खरंच. तरी दहा जणांसाठी एकदाच वाकायचं, म्हणजे पुन्हा वर्तमानपत्री हिशेबाकडेच वळणं. आणि ज्यांच्या भूमीवर हे युद्ध झालं, त्यांचं काय? इराकी नागरिकांचे नोंदलेले मृत्यूच लाखावर आहेत. दहाला एक धरला तरी दहा हजारांहून जास्त खुणा लागतील, आणि त्यांतल्या बहुतेक क्रूसाच्या नसतील.