विश्लेषण : माणसे आणि गुरे एकाच छपराखाली… इंग्लंडमधील ‘लाँगहाऊस’चा गोठा इतका मोलाचा का?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळरानावर ग्रॅनाइटच्या दगडांची काही लांबट, बसकी शेतघरे आजही उभी आहेत. त्यांतील काहींना ‘ग्रेड वन’ म्हणजे वारसा वास्तूचा सर्वोच्च दर्जा आहे. इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंपैकी जेमतेम अडीच टक्के वास्तूंना तो मिळतो आणि त्या यादीत कॅथेड्रल, किल्ले, राजवाडे असतात. मग शेतकऱ्याचे घर तिथे कसे पोहोचले? उत्तर घराच्या खालच्या टोकाला, गाई बांधायच्या जागेत सापडते.

रचना कशी असते?

लाँगहाऊस नेहमी उतारावर आणि उताराच्याच दिशेने बांधलेले असते. वरच्या अंगाला माणसांची खोली, खालच्या अंगाला गोठा. स्थानिक भाषेत त्याला ‘शिपन’ म्हणतात. दोहोंमध्ये घराच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत जाणारी आरपार बोळ. सुरुवातीला दार एकच होते. त्यातून आत आले की माणसे एका बाजूला वळत आणि गुरे दुसऱ्या बाजूला.

शिपनच्या मधोमध दगडी नाला असतो. दोन्ही बाजूंना भिंतीलगत गव्हाणी आणि दावे बांधायचे खुंट. नाला उताराने थेट शेवटच्या भिंतीपर्यंत जातो आणि तिथल्या भोकातून मूत्र, धुण्याचे पाणी बाहेर पडते. घर उतारावर का, हे इथे कळते. घाण वर, म्हणजे राहत्या घराकडे, येऊच शकत नाही. पंप नाही, पाइप नाही. सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. खिडक्यांच्या जागी अरुंद फटी. हवा खेळावी, पण पाऊस आत येऊ नये, एवढीच त्यांची रुंदी.

गुरांच्या उबेसाठी एकत्र?

असे सर्रास सांगितले जाते. आजची दुभती गाय साधारण एका खोलीच्या हीटरइतकी, म्हणजे एक किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे दावा अगदीच पोकळ नाही. पण मध्ये बोळ आहे आणि दार सतत उघडे-बंद होते. खरे कारण अधिक व्यवहारी दिसते. डार्टमूरच्या उंच भागात वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हिवाळा लांबतो. अशा रात्री गाय व्यायला आली, तर वादळात बाहेर न पडता तिच्यापर्यंत पोहोचता येणे महत्त्वाचे. कुटुंबाची सगळी पुंजी शेवटी त्या गोठ्यातच होती.

माणसांच्या बाजूला धुराडेही नव्हते. खोलीच्या मधोमध चूल पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. डेव्हनमधील अनेक जुन्या घरांत वरच्या नव्या थराखाली मध्ययुगीन गवत काजळी धरून अजून शाबूत आहे.

गुरे बाहेर कधी गेली?

एका दिवसात नाही. १६व्या-१७व्या शतकांत दगडी धुराडी आली. धूर अडल्यामुळे माळा घालता आला आणि वर झोपायच्या खोल्या झाल्या. हळूहळू गुरांसाठी वेगळे दार फोडले गेले, बोळ आणि गोठा यांच्यात भिंत आली. पुढे अनेक ठिकाणी गुरे घराबाहेरच्या आवारात गेली.

हे आवारही विचारपूर्वक केलेले. भोवती इमारती, त्यामुळे वारा अडतो. एका अंगाला ‘लिनी’ : खाली खांबांवर उभा, पुढून उघडा गोठा आणि वर वैरणीचा माळा. वैरण वरून थेट गव्हाणीत टाकायची. आवारात पेंढा अंथरायचा, गुरे तो तुडवणार आणि त्याचे शेणखत शेतात जाणार. रासायनिक खतांपूर्वी दूध-मांसाइतकेच हेही उत्पादन होते.

मग धोका कशाचा?

रिकाम्या गोठ्याचा. घराला लागून असलेली मोठी, कोरडी, दगडी जागा कोणालाही बैठकीची खोली किंवा स्वयंपाकघर करावेसे वाटते. त्यामुळे बदल न झालेले शिपन अगदी मोजकेच उरले आहेत. पाउंड्सगेट गावाजवळचे ‘हायर अपाकॉट’ हे त्यांतील एक. हे घर मध्ययुगीन बांधणीचे आहे.

२०१४मध्ये इंग्लंडमध्ये शेती-इमारतींचे घरांत रूपांतर सोपे करणारा नियम आला. तो राष्ट्रीय उद्यानांत आणि संरक्षित वास्तूंना लागू नाही. शिवाय मुख्य घर संरक्षित असेल, तर त्याच्या आवारातील १ जुलै १९४८ पूर्वीच्या, घराचाच भाग असलेल्या बांधकामांनाही तेच संरक्षण मिळते. म्हणजे जुनी लिनी आणि आवाराची भिंतसुद्धा. मात्र कायदा बदल पूर्णपणे थांबवत नाही, त्यासाठी परवानगी घ्यायला लावतो. आणि गोठ्यात राहायचे ठरले की आधी सपाट फरशी लागते, म्हणजे पहिल्यांदा बुजतो तो मधला नाला.