कान्हेरीपासून सरळ वर, 135 वेळा पुणे!

बोरिवलीच्या कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी, आणि बहुतेकांच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. लेणी इतकी दाटीची, की मोबाइलचं जीपीएस पाच मीटर चुकलं तरी नकाशावर एकाची पोढी शेजाऱ्याच्या ओसरीत जाते! इथे दोन सेंटिमीटरची अचूकता हवी. आणि ती मिळते. कुठून, ते बघा.

जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटर उंच. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा, तर 135 वेळा पुणे, तेही सरळ वर! वेग सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर. बोरिवली-चर्चगेट नऊ सेकंदांत, पुणे चाळीस सेकंदांच्या आत! संदेश तर त्याहून चपळ, सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात कान्हेरीत हजर.

मोजायचा असतो तो संदेशाला लागलेला वेळ. घड्याळ सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागानं चुकलं, की अंतर फूटभर चुकलं. आइनस्टाइनच्या हिशेबानं उपग्रहावरचं घड्याळ रोज सेकंदाच्या 38 दशलक्षांश भागानं पुढे पळतं. एवढंसंच! ते दुरुस्त केलं नाही, तर दिवसाअखेर अंतरात 11 किलोमीटरचा घोळ. अंधेरीची महाकाली लेणी कान्हेरीपासून नऊ किलोमीटरवर. चूक ती ओलांडून पुढे! तेराव्या दिवशी जवळजवळ दीडशे किलोमीटर, म्हणजे थेट पुणं!

दोन सेंटिमीटर गाठायला एक जीपीएस यंत्र नेमकी जागा ठाऊक असलेल्या बिंदूवर ठेवतात, दुसरं काठीच्या टोकावर घेऊन फिरतात. पहिल्याला दिसलेली चूक दुसऱ्यातून वजा. लेण्याच्या छताखाली आकाश नाही, तिथे उपग्रह मुके. मग बाहेर अंगणात बिंदू घ्यायचा आणि आत टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं मोजत जायचं.

ही अचूकता कान्हेरीबाहेरही लागते. 2015 पासून मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागानं आणि पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयानं साष्टी बेटावर, म्हणजे मुंबईच्या उपनगरांत, जुन्या अवशेषांचा शोध घेतला. उपनगरात रस्ता रुंद झाला की वीरगळ हलतो, चाळीचा टॉवर झाला की देवळाचा जुना दगड ढिगाऱ्यात जातो. तो नेमका कुठे उभा होता, हे सांगायला नोंदलेले अक्षांश-रेखांशच उरतात. म्हणून ही अचूकता मला सोन्याहून मोलाची वाटते.

आता शेवटचा हिशेब. नवं रुपयाचं नाणं दोन सेंटिमीटर रुंद. कान्हेरीपासून उपग्रहापर्यंत नाण्याला नाणं लावत रांग मांडा. लागतील 101 कोटी रुपये! आणि एवढ्या रांगेत चूक किती? एक रुपया!