कक्ष उत्पादन पद्धती

कक्ष उत्पादन पद्धती : आकार व यंत्रणक्रिया यांबाबत साम्य असणाऱ्या सुट्या भागांचे गट पाडून प्रत्येक गटास लागणारी निरनिराळी यंत्रे एकत्र मांडण्याची कारखाना-रचना. अशा यंत्रसमूहास ‘कक्ष’ म्हणतात. रूढ रचनेत सर्व लेथ एकीकडे, तर सर्व शाणन यंत्रे दुसरीकडे असतात. त्यामुळे भागाचा बराचसा काळ कर्तनाऐवजी वाहतुकीत व रांगेत जातो. रशियात एस. पी. मित्रोफानॉव्ह यांनी १९५९ मध्ये समूह-तंत्राची शास्त्रीय मांडणी केली, ब्रिटनमध्ये जे. एल. बर्बिज यांनी उत्पादन-प्रवाहाच्या विश्लेषणाने ती पुढे नेली.

नासिकजवळील अंबड औद्योगिक क्षेत्रातील वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांसारख्या ठिकाणी हा प्रश्न नाजूक असतो. तेथे यंत्रे मोजकी असतात व पाया खोदून बसविलेले यंत्र पुन्हा हलविणे खर्चाचे ठरते. भाग व यंत्रे यांची सारणी मांडून तिच्या ओळी व स्तंभ यांची अदलाबदल केली की, संभाव्य कक्ष दिसू लागतात. मात्र ही सारणी रांगांविषयी काहीच सांगत नाही, हा तिचा मोठा दोष होय.

उदा., दोन सारखे लेथ एकाच रांगेतून काम घेत असून ८०% काळ व्यस्त आहेत. कामांचे आगमन व यंत्रणकाल यादृच्छिक (घातीय वितरणाचे) मानल्यास प्रत्येक कामास सरासरी यंत्रणकालाच्या सु. १·८ पट थांबावे लागते. तेच लेथ दोन कक्षांत विभागल्यास ही प्रतीक्षा ४ पट होते. तथापि सारख्या भागांमुळे यंत्राची मांडामांड कमी होऊन प्रत्येक कामाचा सरासरी काळ २०% घटला, तर व्यस्तता ६४% वर येते व प्रतीक्षा मूळ यंत्रणकालाच्या सु. १·४ पट उरते. म्हणजे कक्षाचे यश यंत्रे जवळ आणण्यापेक्षा मांडामांडीच्या बचतीवर अधिक अवलंबून असते.

प्रत्यक्षात यंत्रांचे बिघाड, कामगारांची अनुपस्थिती व बाहेरून करून घेतलेल्या उष्णता संस्करणास होणारा विलंब यांमुळे असे साधे सूत्र अपुरे पडते. तेव्हा संगणकावर कारखान्याचे प्रतिमान रचून यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने त्याचे सदृशीकरण करतात. प्रतिमानाने प्रथम विद्यमान रचनेतील रांगा व पूर्तताकाल यथार्थ दाखविले पाहिजेत; ही कसोटी घाईत गाळली जाते व मग आकर्षक आकडे फसवे ठरतात. त्यानंतरच निरनिराळ्या कक्ष-रचना अनेकदा चालवून त्यांची तुलना करतात. दोन कक्षांना लागणारे एकमेव शाणन यंत्र कोठे ठेवावे, की दुसरे विकत घ्यावे, याचा निर्णय या तुलनेवरून घेता येतो.