निवेदकाचा शब्द आणि तपशिलांची साक्ष

'मिस्टर रोबॉट' या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात (२०१६) नायक एलियट आपण आईच्या घरी राहत असल्याचे सांगतो. सातव्या भागाच्या अखेरीस ते घर विरते आणि उरतो तुरुंग. मालिकेचे कर्ते सॅम इस्मेल यांनी प्रेक्षकाची फसवणूक केली, असे मला वाटत नाही.

अविश्वसनीय निवेदक शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगतो : निवेदकाचे म्हणणे बाजूला ठेवा, त्याच्या ताब्यात नसलेले तपशील पाहा. एलियटचा दिनक्रम काटेकोर आहे. जेवणाला सोबती रोज तोच. ओळखीची माणसे त्याला भेटायला येतात. तो कोणाकडे जात नाही. शब्द खोटे असले, तरी पुरावा समोरच होता.

एवढ्यावर थांबलो, तर आस्वाद म्हणजे निव्वळ कोडे सोडवणे ठरेल. त्यापुढचा प्रश्न असा की, कल्पनेतही त्याने हेच घर का निवडले? बालपणी ज्या आईने छळले, तिचेच ते घर. तुरुंग सुसह्य करायला निघालेल्या मनाला मायेचे घर रचताच आले नाही. घर खोटे होते. त्यामागची जखम खरी होती. अशा कथेत वास्तव शोधायचे ते तिथे.