वजीर गेल्यावरचा डाव

घोडेगावहून शाळेतल्या एका वाचक मुलीने विचारलं आहे, ‘स्पर्धेत माझा वजीर फुकट गेला म्हणून मी डाव सोडला. सर म्हणाले, खेळायला हवं होतंस. वजीर गेल्यावर जिंकता येतं का?’

येतं. पण नेहमी नाही. बरोबरीच्या, सावध खेळाडूसमोर वजीर फुकट घालवला तर बहुतेकदा हारच होते. तरी सरांचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यामागचं शास्त्र मोठं सुरेख आहे.

वजिराचे ९ गुण, हत्तीचे ५, उंट-घोड्याचे ३, प्याद्याचा १ हा हिशेब पाठ असतोच. राजा सोडून एका बाजूचं बळ भरतं ३९. वजीर गेला की ३० उरतं, आणि त्याच्या बदल्यात हत्ती आणि घोडा मिळाला असेल तर फरक अवघा एकाचा राहतो. संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवावं यावरचा क्लॉड शॅनन यांचा निबंध १९५०चा. पटावरची स्थिती मोजण्याच्या सूत्रात त्यांनीही हेच आकडे घेतले आणि पुढे ते संगणकाच्या बुद्धिबळाचा पाया ठरले. त्या सूत्राचा उरलेला भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. एकापुढे एक अडकलेली, मागे राहिलेली, एकटी पडलेली प्यादी यांचे गुण शॅनन वजा करतात. आणि ज्या बाजूला जास्त खेळी उपलब्ध आहेत तिला, प्रत्येक खेळीमागे ०.१ या दराने, गुण वाढवून देतात. म्हणजे मोहरा पटावर आहे एवढ्याने भागत नाही, त्याला हलायला जागा हवी, हे त्यांनी तेव्हाच हिशेबात धरलं होतं.

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचंच बघा. भाव कितीही चढला तरी क्रेट शेताच्या बांधावरच राहिले तर त्या भावाचा रुपयाही हाती येत नाही. वजिराचे नऊ गुण हाही भावच. तो कोपऱ्यात अडकला, आपल्याच प्याद्यांआड कोंडला किंवा राजापासून लांब भटकत राहिला, तर त्या क्षणी त्याची कमाई शून्य.

याचा सर्वांत देखणा पुरावा १९५६चा आहे. न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध सतराव्या खेळीला आपला वजीर मारू दिला. शहामागून शह देत त्याने बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि प्यादं वसूल केलं. बर्न यांचा वजीर शेवटपर्यंत पटावर होता, पण दूरच्या टोकाला. इकडे त्यांच्या राजाभोवती फिशरचे मोहरे एकमेकांना आधार देत सरकत गेले आणि एक्केचाळिसाव्या खेळीला मात झाली.

‘पण फिशरने तो मुद्दाम दिला, माझा तर चुकून गेला,’ असं ती मुलगी म्हणेल. पटाला मात्र हा फरक कळत नाही, आणि मला या खेळातलं सर्वांत आवडणारं सत्य हेच आहे. आत्ता मोहरे कुठे आहेत आणि खेळी कुणाची आहे, यातच पुढचा सगळा डाव सामावलेला असतो. (किल्लेकोटाचा हक्क, शेजारून निसटलेलं प्यादं मारण्याची संधी आणि तीच स्थिती पुन्हा पुन्हा येणं, अशा मोजक्या नियमांपुरताच मागचा इतिहास लागतो.) वजीर कसा गेला याची आठवण फक्त खेळाडूच्या डोक्यात राहते, आणि पुढची चूक बहुधा तीच घडवते.

आता संगणकाकडे. मोबाइलवरचं इंजिन ‘उणे नऊ’ दाखवतं आणि मुलं तो निकालच समजतात. तो आकडा समोरचा जवळजवळ निर्दोष खेळेल असं धरून काढलेला असतो; माणसं तशी खेळत नाहीत. ‘लीला चेस झीरो’ या, स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या मुक्त प्रणालीची एक आवृत्ती खास वजिराविना सुरुवात करण्यासाठी तयार केली आहे. समोरचा चुकणार हे गृहीत धरून ती मोहऱ्यांची मारामारी टाळते आणि गुंता वाढवत जाते. झटपट डावांत तिने ग्रँडमास्टरनाही हरवलं आहे. यात काही चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. पुरेसा वेळ मिळाला तर ग्रँडमास्टर ते अधिकचे नऊ गुण वसूल करतोच. पण घड्याळ पळू लागलं की आघाडी सांभाळणंही अवघड होतं, हे लीलाने दाखवून दिलं.

चूक कुणाच्याही हातून होते. २८ जुलै २०२५ला बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तो कोनेरू हम्पीसारख्या मुरलेल्या खेळाडूकडून टायब्रेकच्या दुसऱ्या जलद डावात वेळेच्या दडपणाखाली चुका झाल्यामुळे. कुणाचा वजीर तिथे फुकट गेला नव्हता. पण दिव्या खेळत राहिली, म्हणूनच त्या चुकांचा फायदा तिला घेता आला.

तेव्हा मुली, पुढच्या वेळी वजीर गेला तर आधी हात पटावरून काढ आणि नवाच डाव समोर मांडलाय असं समजून बघ. मोठ्या मोहऱ्यांची मारामारी टाळ, प्याद्यांची चालेल, कारण प्यादी कमी झाली की समोरच्याला नवा वजीर करणं अवघड जातं. हत्ती मोकळ्या पट्टीत आण. समोरचा राजा कुठे कोंडला आहे ते शोध. स्टेलमेटने होणाऱ्या बरोबरीवरही नजर ठेव. अर्धा गुण म्हणजे काही हार नाही. आणि जुन्नर-आंबेगावच्या क्रीडाशिक्षकांना विनंती, की आठवड्यातून एक डाव मुलांना एका बाजूला वजीर न ठेवता खेळवा, आणि बाजू बदलून पुन्हा खेळवा.