अव्हॅस्टिन: गाठ थांबली म्हणजे आयुष्य वाढलं?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अव्हॅस्टिन या औषधाची स्तनाच्या कर्करोगासाठीची मान्यता १८ नोव्हेंबर २०११ रोजी काढून घेतली. त्या दिवसापासून या निर्णयाबद्दल दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात. एक, औषधावर बंदी आली. दोन, सरकारला पैसे वाचवायचे होते म्हणून ती आली. दोन्ही चूक आहेत. बंदी आलीच नव्हती. मोठ्या आतड्याच्या, फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी आणि मेंदूच्या एका जहाल गाठीसाठी अव्हॅस्टिन तेव्हाही बाजारात होतं, आजही आहे. औषध एकदा बाजारात असलं की मान्यतेबाहेरच्या आजारासाठीही ते लिहून द्यायला अमेरिकेत डॉक्टरांना आडकाठी नसते. पैशाचं म्हणाल तर वर्षाला सुमारे ८८ हजार डॉलर हा आकडा कोणाच्याही डोळ्यांत भरेल असाच होता, त्यामुळे संशय येणं स्वाभाविक. पण औषधाला मान्यता देताना एफडीए किंमत विचारातच घेत नाही. औषध सुरक्षित आहे का आणि गुण देतं का, एवढंच पाहतं. आणि ज्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेच्या तिजोरीतून बहुतेक वृद्ध रुग्णांचा खर्च भागतो, तिने या निर्णयानंतरही स्तनाच्या कर्करोगासाठी अव्हॅस्टिनचे पैसे देणं चालू ठेवलं. पैसे वाचवायचे असते तर सुरुवात तिथून झाली असती.

खरा वाद वेगळा होता आणि तो आजच्या प्रत्येक नव्या कर्करोगाच्या औषधाला लागू पडतो. औषधाचा फायदा मोजायचा कशावर: स्कॅनवर दिसणाऱ्या गाठीवर, की रुग्ण किती आणि कशी जगली यावर? माझं मत स्पष्ट आहे. गाठीचं माप हा फायद्याचा अंदाज असतो. तो पुढे खरा ठरला तरच त्याला फायदा म्हणावं. अव्हॅस्टिनच्या बाबतीत स्तनाच्या कर्करोगात तो खरा ठरला नाही.

औषधामागची कल्पना मात्र देखणी आहे. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात, आणि त्या फुटूच दिल्या नाहीत तर गाठ उपाशी राहील, हे जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. रक्तवाहिन्या फुटायला लावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने १९८९ मध्ये वेगळं केलं. त्याला धरून निकामी करणारी अँटिबॉडी म्हणजे बेव्हॅसिझुमॅब, बाजारातलं नाव अव्हॅस्टिन. २००४ मध्ये पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ते मान्य झालं तेव्हाचा पुरावा भक्कम होता: नुसत्या केमोथेरपीवर रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक १५.६ महिने होता, अव्हॅस्टिन जोडल्यावर २०.३ महिने. सामान्य वाचकाचाच नव्हे, कित्येक डॉक्टरांचाही पुढचा गैरसमज इथूनच सुरू होतो. सगळ्याच गाठींना रक्त लागतं, मग आतड्यात चाललेलं औषध स्तनातही चालेल, हा तर्क बिनतोड वाटतो. पण शरीर तर्काला बांधील नसतं. एक वाट बंद केली की काही गाठी दुसरी काढतात, आणि ते कुठे घडेल हे फक्त चाचणीतून कळतं.

स्तनाच्या कर्करोगाची पहिली मोठी चाचणी होती ई-२१००. शरीरात पसरलेला आजार असलेल्या ७२२ स्त्रियांपैकी निम्म्यांना पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध, निम्म्यांना पॅक्लिटॅक्सेल अधिक अव्हॅस्टिन. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ५.९ महिन्यांवरून ११.८ महिन्यांवर गेला. दुप्पट! एफडीएच्या सल्लागार समितीने डिसेंबर २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी मान्यतेच्या विरोधात कौल दिला होता. तरी या आकड्याच्या जोरावर फेब्रुवारी २००८ मध्ये ‘त्वरित मान्यता’ मिळाली. ही वाट १९९२ साली, एड्सच्या काळात काढलेली. आशादायक खूण दिसली की औषध लवकर द्यायचं, आणि कंपनीने पुढच्या चाचण्यांतून ती खूण खरी करून दाखवायची. म्हणजे मान्यता पहिल्यापासूनच सशर्त होती. हिसकावून घेतल्याची भाषा करणाऱ्यांना या अटीचा विसर पडतो.

आता ‘आजार वाढेपर्यंतचा काळ’ म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. ठरावीक आठवड्यांनी सीटी स्कॅन होतो. रेडिओलॉजिस्ट पडद्यावर निवडक गाठींचे सर्वांत लांब व्यास मिलिमीटरमध्ये मोजतो आणि त्यांची बेरीज करतो. आधीच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती २० टक्क्यांनी वाढली, किंवा नवीन गाठ दिसली, की आजार वाढला असं नोंदतात. रुग्णाला त्या दिवशी काही वेगळं वाटत असेलच असं नाही. शिवाय ई-२१०० मध्ये प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलं जाणारं खोटं औषध, नव्हता. अव्हॅस्टिन कोणाला चालू आहे हे डॉक्टरलाही ठाऊक होतं आणि रुग्णालाही. अशा वेळी दोन मिलिमीटरच्या शंकेत माप कुठे झुकेल, हे सांगायला कोणाच्या हेतूवर संशय घ्यावा लागत नाही. स्कॅन नंतर तटस्थ तज्ज्ञांकडून पुन्हा वाचून घेतले, तेव्हाही फरक टिकला, हे खरं. पण त्याच चाचणीत स्त्रिया एकूण किती जगल्या? २५.२ महिने विरुद्ध २६.७. हा दीड महिना योगायोगाने येऊ शकणाऱ्या फरकाच्या आतला होता.

मग अटीप्रमाणे पुढच्या चाचण्या आल्या, यावेळी प्लासिबोसह. अव्हाडो चाचणीत डोसिटॅक्सेल या केमोसोबत अव्हॅस्टिन दिलं तर आजार वाढेपर्यंतचा काळ, एफडीएच्या हिशेबाने, जेमतेम एक महिन्याने वाढला. रिबन-१ मध्ये एका केमोसोबत साधारण २.९ महिने, दुसऱ्या गटात १.२ महिने. दुपटीचा चमत्कार पुन्हा दिसला नाही. तिन्ही चाचण्यांतल्या २,४४७ स्त्रियांचे आकडे पुढे एकत्र केले तेव्हा आजार वाढेपर्यंतचा काळ ६.७ वरून ९.२ महिने झाला, आणि एकूण आयुष्य? २६.४ विरुद्ध २६.७ महिने. गाठ अडीच महिने थांबली, आयुष्य जागेवरच राहिलं. जगण्याचा दर्जा सुधारल्याचाही पुरावा मिळाला नाही.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. आयुष्य वाढलं नसेल, पण गाठ काही महिने दबून राहिली तर तेवढे महिने तरी बरे गेले, असं का म्हणू नये? म्हणावं, जर त्या महिन्यांची किंमत रुग्णाला वेगळी मोजावी लागत नसेल तर. इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो: हे केमो नाही, अँटिबॉडी आहे, म्हणजे सौम्य आहे. केस जात नाहीत, उलट्या कमी होतात, म्हणून असं वाटतं. पण नवीन रक्तवाहिन्या फक्त गाठीला लागत नाहीत. जखम भरायला, आतड्याचं अस्तर शाबूत ठेवायलाही लागतात. म्हणून अव्हॅस्टिनने बीपी चढतं, लघवीतून प्रथिन जातं, रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याला भोक पडतं. शस्त्रक्रियेच्या आधी २८ दिवस ते बंद ठेवावं लागतं आणि नंतरही तेवढे दिवस, जखम पूर्ण भरेपर्यंत, सुरू करता येत नाही. साठ किलो वजनाच्या बाईला स्तनाच्या कर्करोगातला डोस ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० ची एक बाटली आणि १०० च्या दोन, दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून. पहिली खेप ९० मिनिटांची, सोसली तर पुढे ३० मिनिटांवर येते. सलाईन लावण्याआधी नर्सने बीपी घ्यायचं, वेळोवेळी लघवी तपासायची. हे सौम्य औषधाचं वेळापत्रक नाही.

अर्थात धोक्याच्या आकड्यांतही फसगत होते, आणि ती औषधाच्या विरोधकांच्या बाजूने होते. २०११ मध्ये वेगवेगळ्या कर्करोगांतल्या १६ चाचण्यांचे, दहा हजारांहून अधिक रुग्णांचे आकडे एकत्र मांडले गेले. औषधाच्या दुष्परिणामाने मृत्यूचा धोका अव्हॅस्टिनमुळे ४६ टक्क्यांनी वाढतो, असं त्यातून निघालं. मथळ्यासाठी छान आकडा. प्रत्यक्षात हजार रुग्णांत १७ मृत्यूंच्या जागी २५ असा तो फरक आहे. हजारांत आठ. ज्या आजारात औषध पाच महिने आयुष्य देतं, तिथे हा धोका पत्करण्यासारखा आहे. जिथे आयुष्यात काहीच भर पडत नाही, तिथे हे आठ जीव कशाच्या बदल्यात, याला उत्तर उरत नाही. औषध तेच, धोका साधारण तोच; तागडी झुकते ती दुसऱ्या पारड्यात काय आहे त्यावरून.

जून २०११ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला मान्यता काढावी का यावर एफडीएची दोन दिवस सुनावणी झाली. अव्हॅस्टिनवर वर्षानुवर्षं जगलेल्या स्त्रियांनी तिथे येऊन सांगितलं की आम्ही या औषधामुळे जिवंत आहोत. त्यांचं बोलणं खोटं ठरवण्याची गरज नाही आणि कोणाला हक्कही नाही. अडचण अशी की पसरलेला आजार असूनही अनेक वर्षं जगणाऱ्या स्त्रिया अव्हॅस्टिनशिवायच्या गटातही असतात. त्यांतली कोण औषधामुळे जगली आणि कोण आजाराच्या मंद स्वभावामुळे, हे एकेकीकडे पाहून ओळखता येत नाही. मग ज्यांना खास फायदा होतो त्या आधीच ओळखाव्यात, हा मार्ग योग्यच होता, आणि तो चोखाळलाही गेला. रक्तातल्या व्हीईजीएफवरून अशा रुग्ण निवडता येतील का, हे मेरिडियन नावाच्या चाचणीने तपासलं. निवडता आल्या नाहीत. शिवाय सगळ्या रुग्ण एका बाजूला होत्या असंही नव्हतं. नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअलिशन ही स्त्रियांचीच संघटना मान्यता काढण्याच्या बाजूने होती. सल्लागार समितीने मान्यता काढण्याच्या बाजूने ६ विरुद्ध ० मत दिलं आणि नोव्हेंबरमध्ये आयुक्त मार्गारेट हॅम्बर्ग यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

युरोपने पॅक्लिटॅक्सेलसोबतची मान्यता ठेवली, याचा दाखला एफडीएच्या निर्णयाचे विरोधक देतात. तेच आकडे पाहून दोन शहाण्या संस्था वेगळा निर्णय घेऊ शकतात. पण युरोपनेही डोसिटॅक्सेलसोबतचा वापर काढला, हे सोबत सांगायला हवं. एफडीएवरचा विसंगतीचा आरोप मला जास्त सयुक्तिक वाटतो. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा गाठीतही अव्हॅस्टिनने आयुष्य वाढलं नाही, तरी २०१७ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. तिथे निदान स्टेरॉइडची गरज कमी होताना दिसली, म्हणजे रुग्णाला जाणवेल असा फायदा होता. तरीही हा बचाव तोकडा आहे, हे मान्य करायला हवं.

आपल्याकडे हा प्रश्न आता वेगळ्या वेशात येतो. बेव्हॅसिझुमॅबची भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधं, बाजारात आहेत, ती मूळ औषधापेक्षा स्वस्त आहेत, त्यामुळे ‘देऊन तर पाहू’ म्हणणं सोपं झालं आहे. किंमत उतरली म्हणून पुरावा बदलत नाही. पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात याच औषधाने आयुष्याचा मध्यक १३.३ वरून १७ महिन्यांवर नेला आहे. तिथे ते नाकारणं चूक ठरेल. म्हणून घरातल्या कोणासाठी हे औषध सुचवलं गेलं तर डॉक्टरांना विचारा: या कर्करोगात, या टप्प्यावर, याने आयुष्य वाढल्याचं दिसलं आहे का, की फक्त स्कॅनवर गाठ थांबल्याचं? आणि बीपीचा त्रास, नुकती झालेली किंवा ठरलेली शस्त्रक्रिया, अगदी दात काढायचा असला तरी, त्यांनी विचारण्याआधी सांगा.