धुकं शिरतं त्या वेळी काय प्यावं

जुलैत दुपारी चारच्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत दोन ऋतू एकदम नांदत असतात. मिशन भागात लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फुटपाथवरच्या टेबलांशी ऊन खात बसलेले असतात. तिथून पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर, समुद्राला लागून असलेल्या सनसेट भागात, माणसं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून वाऱ्याला पाठ देत चालत असतात. शहर तेच आणि घड्याळही तेच, पण तापमानात पाच-सहा अंशांचा फरक. आणि नेमक्या याच वेळी शहरभरातल्या बारच्या दारांत खडूने लिहिलेल्या हॅपी अवरच्या पाट्या लागतात.

हॅपी अवर म्हणजे दुपारी तीन-चारपासून संध्याकाळी सहा-सातपर्यंतचा सवलतीचा वेळ. कचेऱ्या सुटत आलेल्या असतात, रात्रीच्या जेवणाला अवकाश असतो, आणि बारच्या खुर्च्या रिकाम्या असतात. भाडं, वीज आणि पगार मात्र चालूच असतात. मग मालक दर उतरवतो, गिऱ्हाईक लवकर येतं, दोघांचंही भलं होतं. यात एक कायद्याची मेख आहे. कॅलिफोर्नियात दारू स्वस्त विकता येते, पण फुकट देता येत नाही. त्यामुळे ‘एकावर एक मोफत’ असली पाटी तिथे दिसत नाही. एकेका पेल्याची किंमतच कमी केलेली असते.

या वेळेत चांगलं पेय कुठे मिळेल, असं विचारलं की लोक बारची नावं आणि डॉलरचे आकडे सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. या शहरात आधी आकाशाकडे बघावं, मग पेय ठरवावं. कारण इथे ग्लासात आणि ताटलीत जे येतं, त्यातलं बरंचसं एकाच गोष्टीने घडवलंय: किनाऱ्याजवळच्या थंडगार समुद्राने.

वसंतापासून उन्हाळाभर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत वायव्येचे वारे वाहतात. वारा आणि पृथ्वीचं फिरणं यांच्या जोडीने समुद्राचा वरचा थर किनाऱ्यापासून दूर लोटला जातो आणि त्याच्या जागी खोलवरचं गार पाणी वर येतं. ऐन उन्हाळ्यातही हे पाणी अकरा ते चौदा अंशांच्या आसपास असतं. दमट हवा त्यावरून सरकली की गार पडते, तिचं धुकं बनतं. त्याच वेळी दीडशे किलोमीटरच्याही आत, सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात, पारा चाळिशीला टेकत असतो. तिथली तापलेली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा ती पोकळी भरायला धावते. मध्ये डोंगरांची रांग आडवी असते. त्या रांगेत समुद्रसपाटीला असलेली मोठी फट एकच, ती म्हणजे गोल्डन गेटची सामुद्रधुनी, जेमतेम दीड-दोन किलोमीटर रुंद. बरंचसं धुकं त्या फटीतून आत घुसतं. उरलेलं टेकड्यांवरून चढून पलीकडे उतरतं, पावसाळ्यात माळशेज घाटात कड्यावरून ढग उतरतात अगदी तसं.

आणि याचा जोर वाढतो तो दुपार कलली की, कारण तोवर खोरं पुरतं तापलेलं असतं. म्हणजे हॅपी अवर सुरू होण्याची आणि धुकं शहरात शिरण्याची वेळ जवळपास एकच! ट्विन पीक्सची जोडटेकडी सुमारे 280 मीटर उंच आहे. ती आणि तिच्या शेजारच्या टेकड्या धुक्याला थोपवून धरतात, म्हणून त्यांच्या पूर्वेचं मिशन उन्हात राहतं. कोणत्या बारमध्ये बर्फाचा पेला मागवावा आणि कुठे वाफाळता, हे या टेकड्या ठरवतात.

हेच गार पाणी ताटलीतही येतं. समुद्राच्या तळाशी साचलेली पोषकद्रव्यं त्याच्याबरोबर वर येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पती माजतात, आणि त्या खाऊन कालवं पोसतात. शहराच्या उत्तरेला टोमालेस नावाची चिंचोळी खाडी आहे, तिथे कालवांची शेती चालते. तिथली कालवं बंदरावरच्या फेरी बिल्डिंगमध्ये बर्फावर मांडलेली दिसतात. ही इमारत 1898 सालची, उंच घड्याळाच्या मनोऱ्याची. समुद्री खाण्याच्या अनेक ठिकाणी हॅपी अवरला कालवं नेहमीपेक्षा स्वस्त असतात. कोकणात आपण कालवं मसाल्यात शिजवतो. इथे ती उघड्या शिंपलीत कच्चीच देतात, वर लिंबाचे दोन थेंब. पहिल्यांदा खाणाऱ्याने शिंपलीतलं खारं पाणी सांडू देऊ नये, अर्धी चव त्यात असते.

कालवांसोबत वाइन घेतलीत तर तीही त्याच धुक्याची. नापा आणि सोनोमा या द्राक्षांच्या खोऱ्यांचं दक्षिण टोक, कार्नेरोस, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तर भागाला टेकलेलं आहे. गोल्डन गेटमधून आत आलेली गार हवा तिथवर पोचते. तिच्यामुळे द्राक्षं सावकाश पिकतात आणि त्यांची आंबटसर धार टिकते. पिनो न्वार आणि शार्डने या गारव्याच्या जाती तिथे म्हणूनच साधतात. एकाच गार पाण्याने कालवं पोसावीत आणि त्यांच्याबरोबर प्यायची द्राक्षंही सांभाळावीत, या योगाचं मला फार अप्रूप आहे.

बिअरची गोष्ट तर शहराच्या जन्माशी जाऊन भिडते. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी माणसांचा लोंढा आला. त्यांत बिअर गाळणारेही होते. लागर बिअरचं यीस्ट सुमारे दहा अंशांत नीट काम करतं. जर्मनीत त्यासाठी थंड तळघरं आणि बर्फ होता. इथे बर्फ दुर्मीळ, पण संध्याकाळची हवा गार. मग उकळता काढा रुंद, उथळ परातींत पसरून समुद्रावरून येणाऱ्या हवेवर निववायचा आणि लागरचंच यीस्ट जरा जास्त उबेत आंबवायचं, अशी तोड निघाली. त्यातून निघाली स्टीम बिअर. तांबूस, भरीव चवीची आणि भरपूर फेसाळ. अँकर या कारखान्याने हे नाव जगभर नेलं. त्याची सुरुवात 1896 ची. 1965 मध्ये तो बुडायला आला असताना फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने त्यात पैसे घातले, आणि अमेरिकेत लहान कारखान्यांच्या बिअरचं जे युग आलं त्याची पहाट अनेक जण तिथेच मानतात. 2023 मध्ये अँकर बंद पडला तेव्हा शहर हळहळलं. 2024 मध्ये दही-उद्योजक हमदी उलुकाया यांनी तो विकत घेतला. त्याची बाटली नजरेस पडलीच तर सोडू नका.

स्वस्त पेयाबरोबर खाणं, ही चालही इथे जुनी आहे, आणि तिचा एक साक्षीदार आपल्या मुंबईत जन्मलेला. रुडयार्ड किपलिंग 1865 मध्ये मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. 1889 मध्ये अलाहाबादच्या ‘पायोनियर’साठी प्रवासवर्णनं लिहीत तो जपानमार्गे सॅन फ्रान्सिस्कोत उतरला, तेव्हा त्याचं वय होतं तेवीस. एका बारमध्ये शिरला तर माणसं गल्ल्याशी उभ्याउभ्या खाण्यावर तुटून पडलेली. एका पेल्याचे पैसे द्यायचे आणि समोर मांडलेलं हवं तेवढं खायचं, अशी ती पद्धत होती. किपलिंगने हिशेब रुपयांत मांडला: कफल्लक माणूसही इथे दिवसाला रुपयापेक्षा कमी खर्चात पोटभर जेवू शकतो! पुढे 1920 मध्ये दारूबंदी आली आणि तिने ही पंगत उठवली.

त्या काळचं एक पेय मात्र उरलं. पूर्व किनाऱ्यावरून येणारी जहाजं दक्षिण अमेरिकेला वळसा घालून येत, वाटेत पेरूच्या बंदरांत थांबत आणि तिथली पिस्को ही द्राक्षांची ब्रँडी घेऊन येत. 1869 पर्यंत अमेरिका ओलांडणारी रेल्वे नव्हती, त्यामुळे पेरूची दारू इथे सहज येऊन पोचत होती. माँटगोमेरी स्ट्रीटवरच्या बँक एक्स्चेंज बारमध्ये डंकन निकोल हा तिच्यात अननस आणि लिंबू घालून पिस्को पंच करी आणि कृती कुणाला सांगत नसे. तो बार होता त्या जागी आता ट्रान्सअमेरिका पिरॅमिडची टोकदार इमारत उभी आहे. शहरातले बरेच बारमन आपापल्या परीने आजही हा पंच करतात. उन्हातल्या मिशनमध्ये बसलात तर हाच घ्या.

धुक्यात असाल तर हाइड स्ट्रीटच्या उतारावरून थेट खाली, समुद्राजवळ ब्वेना व्हिस्टाला जावं. केबल कार तिथेच थांबते. इथला आयरिश कॉफीचा पेला हॅपी अवरला स्वस्त मिळतो का, या चौकशीत पडू नये. पूर्ण किमतीलाही तो सार्थकी लागतो.

हे पेय आयर्लंडच्या फॉइन्स इथल्या विमानतळावरचं. अटलांटिक ओलांडणारी, पाण्यावर उतरणारी विमानं तिथे येत. गारठलेल्या प्रवाशांसाठी जो शेरिडन या आचाऱ्याने 1940 च्या दशकात ते बनवलं. पत्रकार स्टँटन डेलाप्लेनने ते आयर्लंडमध्ये चाखलं, आणि 10 नोव्हेंबर 1952 च्या रात्री ब्वेना व्हिस्टाचा मालक जॅक केप्लर आणि तो असे दोघे ते जमवायला बसले. चव जमत आली, पण साय तरंगेना, बुडून जाई. शेवटी मदतीला आला जॉर्ज ख्रिस्तोफर, स्वतःची डेअरी असलेला आणि पुढे शहराचा महापौर झालेला. साय 48 तास मुरू द्यायची आणि मग हलकेच फेटायची, हा तोडगा त्याचा.

गल्ल्यासमोर उभं राहून हे बघण्यासारखं असतं. बारमन पायाचे छोटे ग्लास एका रांगेत मांडतो, त्यांत गरम पाणी ओतून ते तापवतो आणि पाणी फेकून देतो. प्रत्येकात साखरेचे दोन चौकोनी खडे. त्यावर कॉफी, ढवळून साखर विरघळली की आयरिश व्हिस्की. शेवटी चमच्याच्या पाठीवरून साय सोडायची. ती काळ्या कॉफीवर पांढरी रेघ आखून थांबते. इथे साखर चवीपुरती नसते. व्हिस्कीतला अल्कोहोल पाण्याहून हलका, त्यामुळे तो मिसळला की कॉफीची घनता घटते आणि साय बुडायचा धोका वाढतो. विरघळलेली साखर ती घनता पुन्हा वाढवते. फेटल्याने सायीत हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ती हलकी होते. थंडीत मुरल्याने तिच्यातली चरबी घट्ट होते आणि ते बुडबुडे धरून ठेवते. मग प्यायचं ते न ढवळता, गार सायीतून गरम कॉफी ओढत.

केबल कारचा उल्लेख आलाच आहे. 1847 मध्ये जास्पर ओ’फॅरेलने शहराचा नकाशा आखला तेव्हा रस्ते टेकड्यांची पर्वा न करता सरळ रेषेत पुढे गेले. चढावर घोडे घसरत. 1873 मध्ये अँड्र्यू हॅलिडीने क्ले स्ट्रीटवर पहिली केबल कार चालवली. आजही रस्त्याखालून पोलादी दोर ताशी साधारण 15 किलोमीटरने अखंड फिरत असतो आणि डबा त्याला पकडून चढतो. फिल्बर्ट स्ट्रीटच्या एका टप्प्यावर चढ 31.5 टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की साडेएकतीस मीटर वर. नकाशावर दोन चौक दिसणारं अंतर दम काढतं. म्हणून क्रम असा ठेवावा: चढ आधी, पेला मग, आणि परतताना उतार.

चढून जायचं तर नॉब हिलवर. मार्क हॉपकिन्स हॉटेलच्या एकोणिसाव्या मजल्यावर 1939 मध्ये ‘टॉप ऑफ द मार्क’ सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिककडे निघालेले सैनिक इथे शेवटचा पेला घेत, आणि गोल्डन गेटमधून जाणारी जहाजं त्यांच्या बायका इथल्या वायव्येच्या खिडक्यांतून बघत. खिडक्या आजही त्याच दिशेला उघड्या आहेत आणि धुकं त्याच बाजूने येतं.

मुलांकडे बे एरियात, म्हणजे याच उपसागराभोवतीच्या परिसरात, जाणाऱ्या आईबाबांनीही ही वेळ जरूर गाठावी. पीत नसाल तरी लिंबू-सोडा घेऊन बसलात तर कुणी उठवत नाही. उन्हात निघालात तरी स्वेटर बरोबर घ्या, आणि शहर खरं ऊबदार हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. वय एकवीस पूर्ण असल्याचा पुरावा म्हणून मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, केस पांढरे असले तरी मागतात. पिऊन गाडी मुळीच चालवू नका. आणि टिप ठेवताना सवलतीची किंमत धरू नका, पेल्याच्या मूळ किमतीवर वीस टक्के ठेवा. बारमनचं काम त्या वेळेत कमी झालेलं नसतं.